चॅरिटी बिब घ्यावा का? मुंबई मॅरेथॉनमध्ये ऑटिझमसाठी धावून आल्यानंतर

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये उतरण्यासाठी सामान्य माणसाला दोन वाटा आहेत. पहिली सरळ आहे: नोंदणी सुरू झाली की प्रवेशशुल्क भरायचे आणि जागा संपण्याच्या आत आपला क्रमांक पक्का करायचा. दुसऱ्या वाटेला धावणारी मंडळी ‘चॅरिटी बिब’ म्हणतात (बिब म्हणजे धावताना छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद). या वाटेवरची जागा एखाद्या सामाजिक संस्थेकडे असते, ती संस्था ती आपल्याला देते आणि त्याच्या बदल्यात तिच्यासाठी ठरावीक किमान रक्कम लोकांकडून गोळा करून देण्याचे आपण कबूल करतो. गेल्या मोसमात मी या दुसऱ्या वाटेने अर्धमॅरेथॉन धावले, ती स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेसाठी. मिक्सर किंवा विमा घेताना आपण काय दिले आणि काय पदरात पडले याचा जसा हिशेब करतो, तसाच या व्यवहाराचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत, त्यांपैकी निम्म्या तिने ऐकून घेतल्या आहेत आणि या लिखाणामुळे तिच्या देणग्यांत शंभर रुपयांचीही घट व्हावी असे मला वाटत नाही.

ही शर्यत २००४ साली सुरू झाली आणि प्रोकॅम इंटरनॅशनल ही कंपनी ती भरवते. तिच्या दानविभागाची जबाबदारी २००९ पासून युनायटेड वे मुंबई या संस्थेकडे आहे. ज्या संस्थेला या निमित्ताने निधी उभा करायचा असेल तिने आधी त्यांच्याकडे कागदपत्रांसह नोंद करावी लागते, त्यामुळे ‘ही संस्था खरी आहे ना’ या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याला आयते मिळते. आपल्या नावाचे निधिसंकलनाचे पान तयार होते, कोणी किती दिले हे तेथे दिसते आणि पैसे आपल्या हातात येतच नाहीत. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कोणालाही विचारा: लोकांचे पैसे आपल्या खिशात असण्याइतका दुसरा ताप नाही.

मी या भानगडीत का पडले हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. तो मोजकेच बोलतो, पण जे बोलतो ते नेमके असते. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून ताईच्या घरी गेली दहा वर्षे भात पातेल्यात शिजतो आणि डाळ आदल्या रात्री भिजत पडते. मी धावू लागले तेव्हा माझ्या मनगटावरच्या घड्याळात आकडे दिसतात याचा शोध त्याला लागला आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, माझ्या प्रत्येक धावेचे अंतर तो स्वतःच्या अक्षरात लिहू लागला. ‘मावशी किती?’ एवढाच प्रश्न. ‘बारा’ म्हटलेले चालत नाही, ‘बारा पूर्णांक चार’ सांगावे लागते. मी एकदा पंधराच्या दिवशी चौदावर थांबले, तर त्याने तो चौकोन तसाच कोरा ठेवला आणि आठवडाभर कोराच ठेवला. पुण्या-मुंबईत महिन्याकाठी हजारो रुपये घेणारे प्रशिक्षक आहेत, पण असा धाक त्यांना जमणार नाही.

आता मूळ व्यवहाराकडे येते. चॅरिटी बिब घेताना लोक सहसा आधी शर्यत ठरवतात आणि मग ज्या संस्थेकडे जागा शिल्लक असेल तिला ‘हो’ म्हणून टाकतात. हा क्रम उलटा करावा, असा माझा पहिला सल्ला आहे. ऑटिझमच्या क्षेत्रात आपल्याकडे ठोस काम करणाऱ्या संस्था आहेत: मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘उम्मीद’ बालविकास केंद्र आहे, पालकांनी मिळून उभारलेला ‘फोरम फॉर ऑटिझम’ आहे, पुण्यात पद्मजा गोडबोले यांचे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ आहे. माझी संस्था यांपैकी नव्हे. ती त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, दोन खोल्यांत चालणारी आणि ताईच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असलेली आहे. मी तिच्या कार्यालयात जाऊन बसले आणि तीन गोष्टी विचारल्या: बिबचा खर्च देणगीतून वजा होतो की धावणाऱ्याने वेगळा भरायचा असतो, गोळा झालेली रक्कम नेमकी कोणत्या कामावर खर्च होणार आणि संस्थेचा कारभार पाहणाऱ्यांमध्ये स्वमग्न मुलांचे पालक किंवा स्वतः स्वमग्न असलेली प्रौढ माणसे आहेत का. पहिल्या प्रश्नावर थोडी चुळबुळ झाली, पण उत्तर स्वच्छ मिळाले: खर्च वजा होतो. तो मी पदरमोड करून वेगळा भरला, कारण माझ्या धावण्याच्या हौसेचा भार देणगीदारांवर टाकणे मला पटले नाही. दुसऱ्याचे उत्तर लेखी मिळाले. तिसऱ्याचे उत्तर ‘पालक आहेत, स्वमग्न व्यक्ती अद्याप नाहीत’ असे आले आणि त्यातल्या ‘अद्याप’ या शब्दावर मी तेव्हा समाधान मानले.

पैसे कशाला लागतात हा प्रश्न मला पुढे निदान साठ जणांनी विचारला, त्यामुळे त्याचे उत्तर आता तोंडपाठ झाले आहे. स्वमग्नतेवर औषधाची गोळी नाही. बोलण्याचा सराव करून घेणारी स्पीच थेरपी, हालचाली, स्पर्श आणि आवाज यांच्याशी जुळवून घ्यायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, वर्गात शेजारी बसून मदत करणारी शिक्षिका, हा सगळा वर्षानुवर्षे चालणारा खर्च आहे. ताई पंचेचाळीस मिनिटांच्या एका सत्राचे हजार रुपये मोजते आणि आठवड्याला अशी तीन सत्रे होतात. तिच्या घरात दोन पगार आहेत म्हणून ते निभते. कायद्याने पुष्कळ काही दिलेले आहे: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तो आहे, न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला घेता येतो. पण ही दारे कोठे आहेत आणि कोणता कागद घेऊन ती ठोठवायची, हे सांगणारे माणूस लागते. माझ्या संस्थेने माझ्या पैशांतून असे एक माणूस वर्षभर नेमायचे ठरवले होते. ‘मुलांच्या चेहऱ्यावर हसू’ वगैरे न लिहिता एका पदाचा पगार असे स्पष्ट लिहिणारी संस्था म्हणूनच ती मला आवडली.

किमान रक्कम ३५,००० रुपये होती. मी बँकेत नोकरी करते, आयुष्यभर लोकांकडून ठेवी मागत आले आहे, तेव्हा हे सहज जमेल अशी माझी समजूत होती. पहिल्या आठवड्यात माझ्या पानावर ५०१ रुपये जमले आणि ते माझ्या नवऱ्याचे होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला, तर त्याखाली बावीस हात जोडलेले आले आणि पैसा एकही नाही. येथे या सेवेतली खरी उणीव कळते. तंत्र सगळे पुरवले जाते, पान आहे, दुवा आहे, पावती आहे, किती रक्कम जमवली म्हणजे निधी जमवणाऱ्यांच्या कोणत्या पायरीवर आपण जाणार याचे कोष्टकही आहे, पण मागायचे कसे हे कोणी शिकवत नाही. वरच्या पायऱ्यांवर ज्यांची नावे असतात ती बहुतेक अशी माणसे असतात, ज्यांनी चार ओळखीच्या उद्योजकांना फोन केला की काम होते. ठाण्यातल्या मध्यमवर्गीय बाईला तेथे पोचायचे तर चारशे फोन करावे लागतील. कंपन्यांचे संघ ड्रीम रनमध्ये, म्हणजे त्याच दिवशीच्या छोट्या हौशी धावेत, उतरतात, त्यांची रक्कम कंपनीच देते आणि ती कोणत्या संस्थेकडे जावी हे कंपनी ठरवते. मोठ्या आणि आधीपासून नाव असलेल्या संस्थांकडे हा ओघ वळला तर नवल नाही, पण त्यामुळे दोन खोल्यांतल्या संस्थेला माझ्यासारखीचीच वाट पाहावी लागते.

मी सामूहिक संदेश बंद केले आणि एकेकाला फोन करू लागले. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या एका व्यवस्थापकांनी मला विचारले, “अंतर नेमके किती?” मी म्हटले, “सर, एकवीस किलोमीटर.” ते म्हणाले, “नेमके विचारले मी.” मी सांगितले, “एकवीस किलोमीटर, साडेसत्त्याण्णव मीटर.” त्यांनी किलोमीटरला शंभर असा दर ठरवला आणि संस्थेच्या खात्यात २,१०९ रुपये ७५ पैसे पाठवून दिले. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाची गंमत निराळी झाली. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यामुळे त्याची देणगी परदेशी ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेले खास खाते लागते. माझ्या संस्थेकडे यांपैकी काहीच नव्हते. वहिनीचा पासपोर्ट मात्र अजून भारताचाच आहे, आणि भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. तेव्हा तिने आपल्या खात्यातून दिले आणि पानावर नाव तिचे झळकले. भाऊ अजून त्यावरून कुरकुरतो.

करसवलतीबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक फोनवर तिसरे वाक्य त्याबद्दलचेच असते. अशा संस्थांना दिलेल्या देणगीवर आयकरातल्या ‘८०जी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीखाली साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ती मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना तर मिळतच नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगत गेले आणि काही आकडे ऐनवेळी पाच हजारांवरून एक हजारावर उतरलेले पाहिले. तरीही सांगावे. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे जायचे असते.

आता या सगळ्याचे मला मिळालेले सर्वांत मोठे फळ, जे कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. फोन करताना मला ‘ऑटिझम’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारावा लागला. आमच्या कुटुंबात तो तोवर दबक्या आवाजातच निघत असे. ताईच्या सासरी ‘थोडा अबोल आहे’ असे म्हणत, आमच्याकडे ‘त्याचे वेगळे आहे’ असे. निधी मागायचा म्हटल्यावर अशी आडवळणे चालेनात. आणि मग उलटे फोन येऊ लागले. चिपळूणच्या एका मामेबहिणीने पैसे पाठवले नाहीत, पण रात्री साडेदहाला फोन केला. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता आणि बोलत नव्हता, हाक मारली तर वळून बघत नव्हता, आणि घरातले सगळे ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही पाचव्या वर्षी बोलला’ असे म्हणून तिला गप्प करत होते. तिने मला फक्त एवढेच विचारले की, तुमच्याकडे सुरुवातीला काय दिसले होते. मी फोन ताईकडे दिला. त्या दोघी पाऊण तास बोलल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात, तेथे तपासणीला पैसे पडत नाहीत, हे तिला त्या रात्री कळले. मुलाची तपासणी पुढच्याच महिन्यात झाली. असे एकूण चार फोन आले. जागृती या शब्दाचा आपल्याकडे फार चोथा झाला आहे, पण ती अशीही होते, रात्री साडेदहाला आणि दार लावून घेऊन.

आणि आता त्याची दुसरी बाजू, जिच्यासाठी मी या अनुभवाचे गुण कापणार आहे. संस्थेने धावपटूंना पाठवण्यासाठी जी चित्रे तयार केली होती, त्यांतल्या पहिल्याच चित्रात एका लहान मुलाचा डोळे पुसतानाचा चेहरा होता आणि खाली ‘ऑटिझमग्रस्त बालकांना मदतीचा हात द्या’ असे होते. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, आणि त्याच रांगेत माझा भाचा. ताईने ते चित्र पाहिले आणि फोन पालथा ठेवला. मी संस्थेला विचारले की, या मुलाच्या आईवडिलांची लेखी संमती आहे का. छायाचित्र इंटरनेटवरून घेतल्याचे उत्तर मिळाले. दोन दिवस वाद झाला, संचालक बाई आधी दुखावल्या, मग त्यांनी ते चित्र मागे घेतले आणि पुढच्या चित्रात केवळ मजकूर ठेवला: एका सत्राचा खर्च किती, एका मुलाला वर्षाला किती सत्रे लागतात आणि संस्थेकडे किती मुले प्रतीक्षेत आहेत. माझ्या पानावर सर्वांत जास्त पैसे त्या रुक्ष चित्रानंतर आले, हे मी येथे थोड्या समाधानाने नोंदवते.

टी-शर्टचीही तीच कथा. छातीवर कोड्याचा तुकडा होता. हे चिन्ह जगभर चालत आले आहे, पण अनेक स्वमग्न प्रौढांना ते आवडत नाही, कारण आपण म्हणजे न सुटलेले कोडे किंवा कुठला तरी भाग हरवलेले माणूस, असा त्यातून अर्थ निघतो. त्याऐवजी ते इंद्रधनुषी रंगांतले अनंताचे चिन्ह वापरतात. संस्थेला हे माहीत होते, पण शर्ट छापून झाले होते. मराठीतल्या ‘स्वमग्न’ या शब्दाबद्दलही माझ्या मनात किंतु आहे. माझ्या दर धावेचा दशांश लक्षात ठेवणारा मुलगा स्वतःतच मग्न आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण दुसरा रुळलेला शब्द नाही, म्हणून मीही तोच वापरते आहे. शर्टाबद्दल भाच्याचे मत मात्र साधे होते. मानेशी शिवलेली कंपनीची पट्टी त्याला टोचली आणि छातीवरचा जाड छाप घामाने चिकटला, म्हणून त्याने तो दोन मिनिटांत काढून टाकला. ज्या मुलांना स्पर्शाचा त्रास होतो त्यांच्यासाठी बनवलेला शर्ट त्यांनाच घालता येऊ नये, हे मला विनोदी वाटले. ताईला वाटले नाही.

तयारीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात संस्थेचा काही वाटा नव्हता. येऊरच्या चढावर रविवार घालवले, उपवनला फेऱ्या मारल्या, डिसेंबरात एक गुडघा कुरकुरला आणि बरा झाला. बिब घ्यायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात जावे लागते. ओळखपत्र स्वतःचे आणि मूळ प्रत न्यावी.

शर्यतीच्या दिवशी माहीमहून काळोखात निघाल्यापासून आझाद मैदानाजवळ पोचेपर्यंत या शहराने जे केले त्याला मी पैकीच्या पैकी गुण देते. हाजीअलीपर्यंत पाय आपोआप चालतात. पेडर रोडच्या चढावर, जसलोक रुग्णालयाच्या अलीकडे, पोटऱ्या आपापला हिशेब मागू लागतात, आणि नेमक्या तेथेच इमारतींतली माणसे मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, खजूर आणि चिक्की घेऊन उभी असतात. एका आजोबांनी माझ्या पाठीवरचा मजकूर वाचून “ऑटिझम म्हणजे काय हो?” असे विचारले. चढावर, एवढे धावून झाल्यावर, एका दमात ऑटिझमची व्याख्या सांगून बघा. मी “घरी जाऊन वाचा, काका” म्हटले आणि फोड तोंडात टाकली. मरीन ड्राइव्हवर ऊन चढले होते. घड्याळाप्रमाणे मी एकवीस पूर्णांक चार धावले. वळणे बाहेरून घेतली की असे होते.

जे बिघडले ते मला शर्यत संपल्यानंतर कळले. संस्थेने पालकांना ड्रीम रनच्या वेळी मुलांना घेऊन शिवाजी टर्मिनसच्या बाजूला येण्याचे आमंत्रण दिले होते, म्हणजे मुलांना आपल्यासाठी धावणारी माणसे दिसतील. कल्पना गोड आहे. पण तेथे ढोल-ताशे असतात, लेझीम असते, ध्वनिवर्धक असतात, हजारो माणसे एकदम ओरडतात, आणि हेच त्या दिवसाचे वैभव आहे. कोणाचाही त्यात दोष नाही, ढोल हळू वाजवा असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? संस्थेने मात्र मुलांसाठी बाजूला एखादी शांत खोली, निदान एक बंद बस, कशाचीच सोय केलेली नव्हती. ताई भाच्याला लोकलने घेऊन आली. भुयारी मार्गात पहिला ढोल ऐकू येताच तो जमिनीवर बसला. सुदैवाने तिच्या पिशवीत नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली, कारखान्यातले कामगार वापरतात तसली कान झाकण्याची जोडी होती. ती लावून, त्याच्या पाठीवर हात ठेवून, तिने दहा मिनिटे तशीच काढली आणि पुढच्या गाडीने दोघे ठाण्याला परतले. तिने मला फोनही केला नाही, कारण मी त्या वेळी पेडर रोडवर असेन असा तिचा अंदाज होता. ज्यांच्या नावाने आपण एवढा गाजावाजा करतो त्यांना त्या गाजावाज्यात पाच मिनिटे उभे राहता येत नाही, याचा विचार निमंत्रण लिहिताना व्हायला हवा होता.

येथे एक गोष्ट मनात येते. स्वमग्न माणसांसाठी धावणे आणि स्वमग्न माणसांनी धावणे यांत आपला सगळा भर पहिल्यावर आहे. मायकी ब्रॅनिगन हा अमेरिकी धावपटू स्वमग्न आहे आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्याने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. माझ्या भाच्याला पदक नको आहे, पण येऊरच्या उतारावर, सकाळी सहाला, गर्दी नसताना तो माझ्याबरोबर अडीच किलोमीटर न थांबता पळतो आणि त्याचा वेग माझ्यापेक्षा बरा आहे. संस्थेने एखाद्या शांत मैदानावर मुलांसाठी अशी धाव ठेवावी, असे मी लेखी सुचवले आहे. ‘२ एप्रिलला बघू’ असे उत्तर आले. जागतिक ऑटिझम जागृती दिन त्या तारखेला असतो. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तसे ठरवले आणि तेव्हापासून त्या एका दिवशी सगळ्यांनाच सगळे करायचे असते.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. व्यवहाराची पारदर्शकता, पैशांची सुरक्षितता आणि शर्यतीचा दिवस यांसाठी मी पूर्ण गुण देते. मागणाऱ्याला वाऱ्यावर सोडल्याबद्दल अर्धा गुण कापला, आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना विचारात न घेता चित्रे, शर्ट आणि निमंत्रणे काढल्याबद्दल पूर्ण एक. ज्यांना फक्त शर्यतीत जागा हवी आहे आणि नोंदणी हुकली आहे, त्यांनी हा मार्ग घेऊ नये. तीन महिने फोन करण्याची तयारी नसेल तर शेवटी स्वतःच्याच बचतीतून रक्कम भरावी लागते आणि मग संस्थेचा राग येतो. ज्यांच्या घरात किंवा शेजारात असे मूल आहे, त्यांनी मात्र आधी त्याच्या आईवडिलांना विचारून अवश्य घ्यावा. विचारून, हे महत्त्वाचे. ताईने सुरुवातीला मला नकार दिला होता आणि भाच्याचे नाव किंवा छायाचित्र कोठेही येणार नाही या अटीवरच ती पुढे राजी झाली.

शर्यतीनंतरच्या सेवेबद्दल सांगायचे तर, माझी रक्कम शेवटी ८४,००० च्या वर गेली, नेमायचे माणूस मार्चमध्ये नेमले गेले आणि त्याचा पहिला तिमाही अहवाल मला आला. अहवाल दोन पानांचा आहे, एकही छायाचित्र नाही, किती कुटुंबांना कोणता दाखला मिळवून दिला याचे आकडे आहेत. पावत्यांचा मात्र गोंधळ झाला. देणगीदाराला वजावट घ्यायची असेल तर संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरून दहा-बीई नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यासाठी ३१ मेची मुदत असते. माझ्या संस्थेने ते शेवटच्या आठवड्यात, तेही मी चार वेळा आठवण केल्यावर दिले. तीन नावे चुकली होती, ती दुरुस्त झाली. एक तक्रार अजून चालू आहे. निवृत्त व्यवस्थापकांच्या प्रमाणपत्रावर रक्कम २,११० रुपये अशी आली आहे, आणि न दिलेल्या पंचवीस पैशांवर आपण वजावट मागणार नाही, असे त्यांनी संस्थेला रजिस्टर्ड पत्राने कळवले आहे.